चाबी कोणाच्या खिशात

आमच्या घरात कोणालाही कसलंही व्यसन नव्हतं. हे मी भिलाईच्या सेक्टर दहामध्ये इतक्या वेळा सांगितलं होतं की माझी ओळख करून देताना लोकच ते सांगायला लागले होते. मी आमच्या मराठी मंडळाच्या नशामुक्ती समितीचा सचिव होतो. समितीत पाच जण होतो आणि पाचही जणांच्या घरात व्यसन नव्हतं. अध्यक्ष होळीला भांग घ्यायचे, पण भांग व्यसनात धरायची नाही असं पहिल्याच बैठकीत ठरलं, कारण ती महादेवाची. शिवाय तिच्या दुकानाला सरकारी परवाना. दारूवर थोडी चर्चा झाली, कारण आमच्या राज्यात ती तर सरकार स्वतःच विकतं, पण शेवटी दारू धरायची ठरली. तंबाखू-सुपारीचा खर्रा धरला, गांजा धरला, मेडिकलमधून चोरून मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्या धरल्या. गुडाखूचा विषय निघाला तेव्हा सगळे चहाच्या कपात बघायला लागले, कारण पाचांपैकी चौघांच्या आया गुडाखू घासत होत्या.

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा ओलसर लगदा. छोट्या गोल डबीत मिळतो. बोटावर घ्यायचा, दातांवर घासायचा आणि मग दहा-पंधरा मिनिटं भिंतीला टेकून कोणाशी न बोलता बसायचं. माझी आई भंडाऱ्याकडून लग्न होऊन भिलाईत आली तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईनं तिला हे शिकवलं. पन्नास वर्षं झाली. दिवसातून चार वेळा. पहिली वेळ पहाटेची, ती चुकली तर आईचं पोट साफ होत नाही आणि मग घरात कोणाचाच दिवस नीट जात नाही. डबी जवळच्या उतई गावच्या बाजारातून आणायची, कारण आमच्या इथली तिच्या मते शिळी असते.

"नशा कायची? मंजन व्हय थे," असं आई म्हणायची, आणि समितीचंही साधारण तेच मत होतं.

गणेशोत्सवात समितीतर्फे शपथ असायची. मी माइकवर वाचायचो, लोक उजवा हात पुढे करून म्हणायचे. एका वर्षी आई पहिल्या रांगेत होती. तिनं हात पुढे केला तेव्हा तिचं पहिलं बोट काळंभोर होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मी शपथ पुढे वाचत राहिलो.

बाबा मात्र खरेच निर्व्यसनी. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिकलचे फोरमन म्हणून रिटायर झाले. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही. गुडाखूवरून आईशी पन्नास वर्षं भांडले आणि पन्नास वर्षं हरले. मी पण इलेक्ट्रिकलमध्येच लागलो आणि काम बाबांकडूनच शिकलो. आमच्या कामाचा पहिला नियम कुलपाचा. मशीन दुरुस्त करायचं तर आधी तिची लाइन तोडायची, स्विचला आपलं कुलूप लावायचं, त्यावर आपल्या नावाची लाल पट्टी लटकवायची आणि रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही करायची. म्हणजे आपण आत असताना कोणी चुकून बटण दाबणार नाही. मी कामाला लागलो त्या दिवशी बाबांनी मला नवं कुलूप दिलं आणि म्हणाले, "कुलूप ज्याचं, चाबी त्याची. साहेब मांगन तरी देजो नोको."

हे वाक्य मी तीस वर्षं पाळलं. मला ते अर्धंच समजलं होतं, हे कळायला बाबांचं आजारपण यावं लागलं.

दुखणं कमरेपासून सुरू झालं. आधी मलम, मग शेक, मग पट्टा. शेवटी रायपूरला तपासण्या केल्या तेव्हा कळलं की लघवीच्या जागेजवळच्या ग्रंथीचा, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो हाडांत उतरला आहे. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बरं करण्यासारखं फार काही उरलेलं नव्हतं. सेक्टरमध्ये बातमी पसरली आणि लोक चक्रावले. समितीच्या पोस्टरवर कॅन्सर कशानं होतो ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि बाबांनी त्यातलं काहीच केलेलं नव्हतं. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "लपून काही घेत होते का?" मी नाही म्हणालो. त्यांना पोस्टरची काळजी वाटत होती. आईची तब्येत तेव्हाही उत्तम होती, आजही आहे.

रायपूरची डॉक्टर तरुण होती, माझ्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिनं पांढऱ्या छोट्या गोळ्या लिहून दिल्या. मी विचारलं, कशाच्या? ती म्हणाली, मॉर्फिन. मी विचारलं, म्हणजे अफूच्या? ती म्हणाली, हो, अफूपासूनच बनतात. मी नशामुक्ती समितीचा सचिव आहे हे मी तिला सांगितलं. तिनं "बरं" म्हणून पुढे समजावलं. दर चार तासांनी एक, घड्याळ लावून. दुखायची वाट बघायची नाही, दुखण्याच्या आधीच गोळी पोटात पाहिजे. इतकं दुखणाऱ्या माणसाला दुखण्यासाठी दिलेल्या गोळीची लत लागेल म्हणून घाबरू नका, मी लक्ष ठेवते आहे. पोट मात्र घट्ट होईल, त्याचं हे दुसरं औषध, ते विसरू नका. मी सगळं मान हलवून ऐकलं. आपल्यापेक्षा लहान माणसाचं आपण ऐकतो तसं ऐकलं, म्हणजे त्यातलं पोटाचं तेवढं लक्षात ठेवलं.

गोळ्या मी टिफिनच्या डब्यात घालून आणल्या, वर पोळ्या ठेवून. चिठ्ठीच्या तीन झेरॉक्स तीन वेगवेगळ्या खिशांत. वाटेत नाक्यावर पोलीस उभे होते. त्यांनी बसकडे पाहिलंसुद्धा नाही, पण मला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

घरी आल्यावर मी बंदोबस्त केला. बाबांची प्लांटमधली लोखंडी पेटी होती, तिच्यात गोळ्या ठेवल्या. पेटीला माझं कामावरचं जादा कुलूप लावलं आणि कुलपाला माझ्या नावाची लाल पट्टी. एक जुनं लांब रजिस्टर काढून त्यात फूटपट्टीनं रेघा मारल्या: वेळ, मागणी, दुखणं दहापैकी, निर्णय, घेणाऱ्याची सही, देणाऱ्याची सही. चाबी माझ्या कामाच्या चाब्यांच्या जुडग्यात. माझी बायको त्या दिवसांत मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला होती. फोनवर तिनं विचारलं, "तुमी ड्यूटीवर असले तं गोळी कोन देईन? आईजवळ ठेवा ना चाबी." मी म्हणालो, आई मायेपोटी जास्त देईल. बायको म्हणाली, "मायेनंच देयाची असते ना." मी नेटवर्क खराब असल्याचं सांगितलं.

नियम मी तीन केले. सकाळी ड्यूटीवर जाताना एक आणि रात्री झोपताना एक गोळी मी विनाअट देणार. बाकीच्या वेळी ती बाबांनी स्वतः मागितली पाहिजे. आणि दुखणं दहापैकी किमान आठ असलं पाहिजे. शिवाय दोन गोळ्यांत सहा तास. डॉक्टरनं चार सांगितले होते, पण वरून आलेल्या आकड्यात थोडं मार्जिन ठेवायचं ही आमच्या खात्याची सवय आहे. डॉक्टरच्या हिशेबानं दिवसाला सहा गोळ्या होत होत्या. बाबांना त्या दोनच मिळायच्या.

अडचण अशी होती की बाबा आठ म्हणायचेच नाहीत. दुपारी अडीचला मी घरी आलो की ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. मी रजिस्टर घेऊन स्टूलवर बसायचो.

"बाबा, किती हाय?"

"पाच."

"पायजे काय?"

"असली तं दे."

मी मागणीच्या रकान्यात 'हो' लिहायचो, दुखण्याच्या रकान्यात 'पाच', निर्णयाच्या रकान्यात 'नाही', आणि पेन बाबांच्या हातात द्यायचो. ते सही करायचे. फोरमन माणूस, समोर रजिस्टर आलं की सही करणारच. बाबांच्या काळात मीटरवर दिसतं त्यापेक्षा जास्त सांगणाऱ्याला खात्यात हसायचे, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी पाच म्हणजे पाच धरत होतो. माझ्या मते व्यवस्था उत्तम चालली होती.

भेटायला लोक यायचे. मोसंबी आणायचे आणि सल्ला द्यायचे. सहन करा. नाम घ्या. या वयात कशाला त्या नादी लागता. कोणीतरी एका मेव्हण्याच्या साडूची गोष्ट सांगितली, ज्याला दवाखान्यात सुई दिली आणि मग तो सुईशिवाय राहीना. तो साडू नंतर किती दिवस जगला, हे विचारलं तर आठ दिवस. अध्यक्षही आले. पेटीकडे पाहून अर्धवट हसत म्हणाले, "सचिवसाहेब, आपल्याच घरी अफू?" मी म्हणालो, "कंट्रोलमध्ये आहे." रजिस्टर दाखवलं. त्यांनी दोन पानं उलटली आणि समाधानानं मान हलवली. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. बाबा भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

एक दिवस गोळीवाला आला. आमच्याच सेक्टरमध्ये वाढलेला, प्लांटमधल्याच एका मराठी माणसाचा मुलगा, आता पस्तिशीचा. पूर्वी काही वर्षं तो झोपेच्या गोळ्या खायचा, एका वेळी अख्खी स्ट्रिप. त्याला खरं नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. एका गणेशोत्सवात आमच्या समितीनं त्याला मांडवात उभं करून कान धरायला लावले होते आणि त्याच्या वतीनं माफीनामा मी माइकवर वाचला होता. त्याचा फोटो सेक्टरच्या ग्रुपवर अजून कोणाकोणाच्या फोनमध्ये असेल. नंतर त्यानं गोळ्या सोडल्या. आमच्या मांडवामुळे नाही, स्वतः दवाखान्यात राहून सोडल्या. आता बाजारात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. नाव मात्र गोळीवालाच राहिलं.

तो बाबांच्या पायाशी बसला. सल्ला दिला नाही. थोड्या वेळानं पेटीकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, लाल पट्टीवरचं माझं नाव वाचलं. मग बाहेर निघताना मला म्हणाला, "काका, तलब वेगळी आन् दर्द वेगळा. मी दोन्ही देखले हाय. तलब आली का मानूस दुसऱ्याच्या खिशात हात घालते. दर्द आला का मानूस भिंतीकडे तोंड करते."

मी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला आणि गेला. तो गेल्यावर मी पेटीला दुसरं कुलूप लावलं.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी पहिल्या शिफ्टला होतो. पहाटे पाचला बाबांना गोळी देऊन निघालो. दुपारी दीडला मिलमधल्या, तापलेलं पोलाद पुढे सरकवणाऱ्या रोलर टेबलची मोटर जळली. लाइन तोडली, स्विचला माझं कुलूप लावलं, पट्टी लटकवली, चाबी खिशात घातली आणि आत उतरलो. दोनला शिफ्ट संपली, पण माझा बदली माणूस आला नाही. साहेबांनी विचारलं, थांबता का? मी नाही म्हणू शकलो असतो. माझ्या जागी दुसऱ्या शिफ्टचा कोणी तासाभरात मिळाला असता. मला बाबांची आठवण आली नाही असंही नाही. साधारण अडीचला आली. मी मनात म्हणालो, पाच तर सांगतात, आणि पाना घेतला.

काम सहाला संपलं. कुलूप काढलं, रजिस्टरमध्ये वेळ टाकली, सही केली. लॉकरमधून फोन काढला तर आईचे अकरा मिस्ड कॉल. आई फोन लावत नाही. तिला फोन लावायचा म्हणजे शेजारून कोणालातरी बोलवावं लागतं. म्हणजे ती अकरा वेळा शेजारी गेली होती.

स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. बाबा खाटेवर कुशीवर होते, गुडघे पोटाशी घेतलेले. त्यांच्या तोंडातून हनुवटीवर काळी लाळ आली होती. मला वाटलं, रक्त. उशीवर काळं, सदऱ्यावर काळं. खाली पाटावर पाण्याचा तांब्या आणि ओकारीचं भांडं होतं. आई त्यांच्या डोक्याशी बसली होती आणि तिच्या मांडीवर गुडाखूची डबी उघडी होती.

"हे काय केलं वो आई?"

"मंग काय करू?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुया पेटीवर खलबत्ता घालून पाह्यला, तुटली नाई. यांच्या तोंडातून आवाज निंगून रायला व्हता, तसा आवाज मी कदी आयकला नाई. मायाजवळ हेच व्हतं. डोकं फिरलं तं दुखनं थोडं दूर जाते, वाटलं मले."

पेटीच्या झाकणावर खलबत्त्याचे पोचे पडले होते. दोन्ही कुलपं शाबूत होती. चांगल्या कंपनीची कुलपं, प्लांट स्वस्तातलं घेत नाही.

पन्नास वर्षं ज्या डबीवरून बाबा आईशी भांडले, ती डबी त्यांनी आईच्या हातून तोंड उघडून घेतली होती. मला लाज वाटली. आधी बाबांबद्दल वाईट वाटायला पाहिजे होतं, पण आधी लाजच वाटली. जुडग्यात पेटीच्या दोन्ही चाब्या सापडेनात. कामाच्या चाबीलाच चिकटून होत्या. गोळी काढली, पाजली. त्या दिवशी किती आहे ते मी विचारलं नाही. रजिस्टर उघडलं नाही.

अर्ध्या-पाऊण तासानं बाबांचे गुडघे हळूहळू सरळ झाले. आईनं ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसलं. मग ते भिंतीकडून माझ्याकडे वळले. कित्येक दिवसांत ते माझ्याकडे वळले नव्हते.

"आज कावून उशीर झाला?"

"रोलर टेबलची मोटर जळली व्हती. बदलली."

"कुलूप कोनाचं लावलं?"

"मायंच."

"चाबी?"

"मायाच खिशात."

"साहेबानं मांगतली असती तं?"

"नसती देली."

"कावून?"

"मशीनमंधी हात माया व्हता, बाबा."

बाबा पेटीकडे बघत होते, माझ्या नावाच्या लाल पट्टीकडे.

"मंग इथं मशीनमंधी कोनाचा हात हाय?"

आई डबी पदरात घेऊन उठली आणि मोरीकडे गेली. मी जुडग्यातून पेटीची चाबी काढली. कडी घट्ट होती, नख मोडलं. दुसरं कुलूप काढून टाकलं. पहिल्याची पट्टी सोडली. चाबी बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, मग सदरा वर करून म्हणाले, "करदोड्याले बांद." मी त्यांच्या कमरेच्या काळ्या दोऱ्याला चाबी बांधली. कंबर इतकी बारीक झाली होती की दोरा दोन वेळा गुंडाळलेला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरला फोन करून मी सगळं सांगितलं, रजिस्टरसकट. ती म्हणाली, चार तास म्हणजे चार तास. मी म्हणालो, हो मॅडम. यावेळी मी आपल्यापेक्षा मोठ्या माणसाचं ऐकतो तसं ऐकलं.

त्यानंतर बाबा जवळजवळ तीन महिने होते. उशाशी घड्याळ ठेवून घेतलं. वेळ झाली की चाबी, पेटी, गोळी, पाणी. गोळीच्या वेळेला एक मिनिट पुढेमागे नाही. पहिले दोन दिवस त्यांना गुंगी राहिली, मग तीही गेली. ते झोपायला लागले. वांग्याच्या भाजीत तिखट कमी आहे म्हणून कुरकुर करायला लागले. थंडीच्या उन्हात अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि माझ्याकडून टेस्टर मागवून त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांच्या बिघडलेल्या इस्त्र्या दुरुस्त केल्या. आईनं डबी काढली की पुन्हा तेच भांडण. एकदा आई म्हणाली, "आता तं तुमी बी घासली हाय." बाबा म्हणाले, "म्हनूनच सांगून रायलो, लय बेकार चीज हाय." आईला हसू आवरेना, आणि तोंडात गुडाखू असल्यामुळे हसताही येईना.

किती आहे, असं मी एकदा सहज विचारलं. "दोन," ते म्हणाले.

सेक्टरनं मात्र निदान केलंच. माणूस महिनाभर कण्हत होता तेव्हा लोक म्हणायचे, किती सोसतात बिचारे. तोच माणूस उन्हात बसून इस्त्री दुरुस्त करताना गुणगुणायला लागला तर म्हणाले, नशेत आहेत. अध्यक्ष येऊन मला सांगून गेले, "घड्याळ बघत असतात हो, मी पाहिलं. लत लागली." मी त्यांना म्हणालो की मला प्लांटचा भोंगा ऐकून भूक लागते, तीही लतच असेल. त्यांना ते आवडलं नाही. मी सचिवपद सोडलं. बैठकीच्या वहीत कारण 'घरगुती' असं लिहिलं आहे, आणि ते बरोबरच आहे.

मी गोळीवाल्याच्या दुकानात गेलो. तो एका सायकलचं चाक फिरवून बघत होता. मी म्हणालो, त्या वर्षी मांडवात जे झालं त्याची माफी मागायला आलो आहे. त्यानं चाक थांबवलं आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

"माइक नाई आनला?"

त्यानं एक स्टूल पुढे सरकवलं आणि चहा सांगितला. त्या दिवशी मी त्याला त्याच्या नावानं हाक मारली. ते नाव इथे लिहीत नाही, कारण कोणाचंच लिहायचं नाही असं ठरवलं आहे, पण ते चांगलं नाव आहे.

बाबा एका सकाळी गेले, आठच्या गोळीनंतर, झोपेत. आंघोळ घालताना करदोडा तोडतात. आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं तो तोडला आणि चाबी पाटावर पडली. त्यानं विचारलं, हे काय? मी म्हणालो, त्यांची आहे. आणि खिशात घातली.

तेराव्याला अध्यक्षांनी दोन शब्द बोलायची परवानगी मागितली. पोस्टर विसरून ते मनापासून बोलले. म्हणाले, अशा माणसाचा आदर्श ठेवा, यांनी जन्मात कोणत्याही नशेला हात लावला नाही. आई बायकांमध्ये बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "लावला. एक डाव लावला. मायाच हातानं." लोकांना वाटलं, बाई दुःखानं काहीतरी बोलते आहे. कोणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझी बायको, जिला मी सगळं सांगितलं होतं, माझ्याकडे पाहत होती. मी खाली पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या गोळ्या डॉक्टरकडे परत नेऊन द्यायच्या होत्या, म्हणून पेटी उघडली. गोळ्यांखाली रजिस्टर होतं. ते पेटीत आहे हे मला माहीत नव्हतं. चाबी दिली त्या दिवसानंतर मी ते कुठे ठेवलं, याचा विचारही केला नव्हता. बाबांनी ते उचलून ठेवलं असणार. मी पानं उलटली. माझं वळणदार अक्षर. हो, पाच, नाही. हो, पाच, नाही. हो, पाच, नाही. घेणाऱ्याची सही पानागणिक खाली घसरत गेलेली. मी हे सगळं बसून लिहिलं होतं, स्टूलवर, चष्मा लावून.

मोटर जळली त्या दिवसाची ओळ मी लिहिलेली नव्हती. मी नव्हतोच. पण ओळ होती. रजिस्टरमध्ये जागा कोरी सोडायची नाही ही बाबांची जुनी शिस्त, ती त्यांनी नंतर कधीतरी स्वतः भरली होती, फोरमनच्या सुट्या अक्षरांत. वेळ: दोनपासून सातपर्यंत. मागणी: हो. निर्णय: चाबी ड्यूटीवर. आणि दुखण्याच्या रकान्यात, दहापैकी, दहा.

माझ्यासमोर ते कधीच पाचच्या वर गेले नव्हते.

त्यांची सही होती. शेजारची, देणाऱ्याच्या सहीची चौकट त्यांनी मोकळी ठेवली होती. मी पेन आणला आणि तिथे सही केली.